पिवळ्या गाडीतली हजेरी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या गाडीच्या शेवटच्या सीटखाली साठतं तसं. महिन्यातून एकदा झाडलोट केली की तिथून एखादी छत्री, कुणाच्या तरी डाव्या पायाची चप्पल, चष्म्याची रिकामी डबी, अर्धी खोबऱ्याची वाटी असं काहीबाही निघतं. मी एकेकाला विचारतो, "हे तुमचं का?" सगळे म्हणतात, "नाय ब्वा!" किश्श्यांचंही तेच. घडले सगळ्यांच्या देखत, पण फजिती कोणाची झाली असं विचारलं की आख्खी गाडी माझ्याकडे बोट दाखवते.

आणि खरं सांगायचं तर बरोबरच दाखवते.

*

आधी गाडी कशी सुरू झाली ते सांगतो. सोयगावहून छत्रपती संभाजीनगरला जायचं म्हणजे अजिंठ्याचा घाट धरून तीन तासांचा रस्ता. एसटीशी आमचं भांडण नाही. पण आमच्या सखाराम तात्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा, सकाळी नऊच्या ठोक्याला त्यांना शहरातल्या हॉस्पिटलात डायलिसिसला हजर राहायचं होतं. उशीर झाला की मशीन दुसऱ्याला. त्या वेळेत पोचवणारी गाडी मिळेना. तात्यांचा सगळा जन्म मेंढरं राखण्यात गेलेला, गावाबाहेरच्या वस्तीवर राहणारे. दिवसाआड जीप कुठून करणार? मग गावातल्या पाच-पंचवीस जणांनी ठरवलं की आपलीच एक गाडी करू. तात्या जातील, त्यांच्यासोबत बाकीच्यांचीही शहरातली कामं होतील.

मीटिंग मारुतीच्या पारावर संध्याकाळी सहाला ठरली. मी जन्मभर शाळेत काढलेला माणूस, शेवटची काही वर्षं हेडमास्तर. त्यामुळे पावणेसहालाच जाऊन बसलो. बाकीची मंडळी साडेसातला उगवली आणि म्हणाली, "सर सगळ्यांच्या आधी आले म्हंजे त्यान्ला लई हौस हाय!" झालो मी गाडीचा व्यवस्थापक. वक्तशीरपणाचं एवढं मोठं बक्षीस मला शाळेतही कधी मिळालं नव्हतं.

गाडी आम्ही एका शाळेकडून जुनी घेतली. वीस सीटची, पिवळीधमक. सीट लहान मुलांच्या मापाच्या, मोठा माणूस बसला की गुडघे हनुवटीला लागतात. परमिटचे कागद झाले, पण रंग द्यायचं राहिलं. ड्रायव्हर सलीमभाई, वीस वर्षं ट्रक चालवलेले.

पहिल्याच दिवशी फर्दापूरच्या अलीकडे रस्त्याकडेला तीन पोरं दप्तर घेऊन उभी होती. गाडी दिसताच हात केला, सलीमभाईंनी ब्रेक मारला, पोरं चढली आणि मला पाहून एका सुरात ओरडली, "गुड मॉर्निंग, सर!"

मी म्हणालो, "सिट डाउन."

घाटाच्या पायथ्याशी आल्यावर त्यातलं धाकटं रडायला लागलं, तेव्हा मला उमगलं की मी आता शाळेत नाही. गाडी उलटी फिरवली, पोरांना जागेवर सोडलं, आईबापांचं बोलणं खाल्लं. पुढे सलीमभाईंनी घाट असा काही चढवला की तात्या नऊला पाच कमी असताना हॉस्पिटलात पोचले आणि आम्ही बाकीचे देवाच्या दारात जाऊन परत आलो.

उतरल्यावर मी सलीमभाईंना म्हणालो, "आधी या गाडीचा रंग बदलू."

"हौ सर, गाडी का रंग तो बदल देंगे," ते म्हणाले. "पन तुम्हारा क्या करना?"

*

दुसऱ्या खेपेला आम्ही परत निघताना एका प्रवाशाला शहरातच विसरून आलो. मग मी घरी विचार केला की यावर उपाय काय. माणसाला जे येतं तेच सुचतं. मी हजेरीची वही आणली.

प्रत्येकाला नंबर दिला. ज्यांच्यासाठी गाडी, ते तात्या नंबर एक, व्यवस्थापक म्हणून मी दोन. पुढे ज्या क्रमाने माणसं जोडली गेली तसे. वीस नंबर माझी बायको विमल, कारण तिने "मी काही तुमच्या गाडीत बसणार नाही" असं सुरुवातीला जाहीर केलं होतं. निघताना आणि परतताना मी दारात उभा राहून नावं घ्यायचो. कोणी "हजर" म्हणायचं, कोणी "यस सर", कोणी "हाय की, दिसत नाय का?" कॉलेजातल्या पोरी तोंडावर ओढणी धरून हसायच्या. गावात मला येताना पाहिलं की पारावरचे लोक हात वर करून "हजर!" म्हणायला लागले. मी आपलं हसण्यावारी न्यायचो. दुसरं करणार काय?

हजेरी मनापासून देणारी एकच, गंगूमावशी. नंबर सात. वय सत्तरीच्या पुढं. शहरातल्या शहागंज बाजारातून बांगड्या-टिकल्या आणायच्या आणि आठवडी बाजारात विकायच्या हा तिचा धंदा. नाव घेतलं की ती सीटवरून उठायची, डोक्यावरचा पदर नीट करायची आणि खणखणीत आवाजात म्हणायची, "हजर!" मगच बसायची.

एके दिवशी उशीर झाला म्हणून मी हजेरी न घेताच गाडी सोडली. फर्दापूर मागं पडलं आणि मावशीचा आवाज आला, "गुर्जी, आज माजं नाव घेतलं नाय."

"मावशी, तुम्ही बसलेल्या दिसताय मला."

"दिसते तर सगळ्यांलाच. नाव कोन घेतं?"

मला एकदम भरून आलं. ही बाई शाळेची पायरी चढलेली नाही. तिचं नाव आजवर एक तर मतदार यादीत आलं, नाहीतर भांडणात. मी लगेच वही काढली आणि चालत्या गाडीत उभा राहून हजेरी सुरू केली. तेवढ्यात घाटाचं पहिलं वळण आलं. मी नंबर सातवर होतो तो थेट मागच्या सीटपाशी गेलो, वही सलीमभाईंच्या मांडीवर, चष्मा कॉलेजच्या पोरींकडे.

मावशीने तशातही उठून, पदर नीट करून "हजर!" म्हटलं.

आणि पुढून तात्यांचा शांत आवाज आला, "मास्तर, तुमी हाय का हजर?"

*

तात्यांना माझ्या वहीचं पहिल्यापासून हसू यायचं. तोंडाने हसायचे नाहीत, मिशीतून हसायचे.

"मास्तर, नावं घेऊन मेंढरं मोजली तर सांज व्हईल."

"मग तुम्ही कसे मोजता?"

"मोजतो कशाला? नुस्तं बगायचं. कमी असलं की डोळ्याला टोचतं."

मी त्यांना समजावून सांगितलं की मेंढरं वेगळी, माणसं वेगळी, आणि नोंद नावाची काही गोष्ट असते. तात्या म्हणाले, "व्हय, व्हय," आणि खिडकीबाहेर बघायला लागले. माझ्या शाळेतले सर्वांत हुशार विद्यार्थी असंच करायचे.

त्यानंतरच्या पंधरवड्यातली गोष्ट. विमलने आपला जाहीरनामा मागे घेतला होता, कारण भाचीच्या लग्नाची खरेदी निघाली होती. परतीला आधी हॉस्पिटलातून तात्यांना घेतलं. डायलिसिसनंतर ते पार गळून जायचे, डोळे मिटून पडून राहायचे. मग शहागंजात आलो. ठरलेल्या वेळेला माणसं गोळा झाली, मी हजेरी घेतली, वीसपैकी वीस, आणि गाडी सुटली.

हर्सूल मागं पडलं. तात्यांनी डोळे उघडले, मान वळवून एकदा गाडीभर नजर फिरवली आणि म्हणाले, "मास्तर, येक कमी हाय."

मी वही त्यांच्यापुढे धरली. "तात्या, वीसच्या वीस टिका आहेत. हे बघा!"

"टिका असतील. येक कमी हाय."

"कोण कमी आहे ते सांगा ना मग!"

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मास्तर, तुमच्याच शेजारची जागा रिकामी हाय."

गाडीत हशा पिकला. मी शेजारी वळून पाहिलं. विमल नव्हती! आणि वहीत वीस नंबरापुढे ठळक टीक होती. घरचीच आहे, असणारच, म्हणून मी तिचं नाव न घेताच टीक मारून मोकळा झालो होतो. सलीमभाईंनी गाडी वळवली. वाटेत सगळे मला धीर देत होते, म्हणजे विमल काय काय बोलेल ते एकेक जण सांगत होता.

शहागंजात बांगड्यांच्या दुकानापुढे स्टुलावर बसून ती चहा पीत होती. दुकानदारानेच मागवलेला. मी धापा टाकत गेलो. तिने शांतपणे कप खाली ठेवला.

"अहो, तुमच्या वहीत मी हजर आहे ना? मग परत कशाला आलात?"

*

इंग्रजीचा किस्सा लहान आहे, पण तो मी सांगितला नाही तर सलीमभाई सांगतील आणि वाढवून सांगतील.

फर्दापूरला एक गोरं जोडपं गाडीत चढलं. त्यांना वाटलं ही लेण्यांकडे जाणारी गाडी. मी म्हणालो, काही हरकत नाही, लेण्यांचा फाटा वाटेतच आहे, तिथं उतरवू. आणि बऱ्याच वर्षांनी इंग्रजी बोलायची संधी मिळाली म्हणून त्यांना लेण्यांची माहिती सांगायला घेतली. भिक्खू कसे राहायचे, रंग कशाचे केले, दिवे कसे लावले. ते दोघं माना डोलवत होते, "येस, येस" म्हणत होते. मला तर वाटलं, आपण उगाच गणित शिकवलं.

घाट संपला तरी माझं दुसरं लेणं चालूच. शेवटी सलीमभाईंनी आरशातून विचारलं, "सर, इनकू लेणी देखनी थी ना?"

"अर्थात!"

"वो तो कबकीच पीछे गई."

*

घाटात काही जणांना उलटी होते. त्यांना खिडकी द्यावी हे उघड आहे. पण वीस सीटमध्ये खिडक्या दहा, आणि पहाटे जो आधी येईल तो रुमाल टाकून खिडकी धरणार. लोक आदल्या संध्याकाळी मला फोन करायला लागले, "सर, तुमचं घर जवळ हाय, माज्या नावाचा येक रुमाल टाका की!" मी भिडस्त माणूस. घरातले रुमाल संपले, मग टॉवेल, मग विमलचे ब्लाऊजपीस. एकदा एका खिडकीवर उशीचा अभ्राही टाकला. पहाटे साडेपाचला गाडीत आमच्या घरची धुणी वाळत घातल्यासारखी दिसायची.

विमलने एक दिवस सांगितलं, "आता माझी पैठणी तेवढी उरली आहे. ती मागू नका."

तेव्हा मी नियम केला आणि पाटीच लावली : "खिडकीची जागा फक्त उलटी होणाऱ्यांसाठी राखीव." स्वतःवर खूश होऊन झोपलो.

पुढच्या सोमवारी गाडीत झाडून सगळ्यांना उलटी होत होती. कोणी लिंबू हुंगत होतं, कोणी कपाळ धरलं होतं. ज्यांनी जन्मभर ट्रकच्या टपावर बसून प्रवास केला तेही तोंडाला फडकं लावून, "सर, लई मळमळतं!"

एकट्या तात्यांनी आपणहून आतली जागा घेतली. जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, येवढ्या मान्सांला आजारी पाडलं तुमी. त्यापरीस घाटच काडून टाकायचा."

*

डब्यांचं सांगायलाच हवं. आपली गाडी म्हटल्यावर शहरात कोणाला काही पाठवायचं असलं की ते माझ्या मांडीवर. शिकायला राहिलेल्या मुलांचे डबे, लेकीकडे भाकरी, मिरच्यांची पिशवी, एकदा जिवंत कोंबडा. सगळे डबे स्टीलचे, सगळे एकाच दुकानातले, सगळ्यांवर फडकं बांधलेलं. मी चिठ्ठ्या चिकटवायचो. त्या पडायच्या.

तात्यांचा डबा सुनेने केलेला असायचा. मीठ जवळपास नाही, तिखट नाही, डाळ मोजून. पाणीसुद्धा दिवसाला मोजकं. ज्या माणसाने उघड्या रानात कांदा फोडून ठेच्यासोबत भाकरी खाल्ली, त्याला हे रोज गिळावं लागायचं. आम्हाला बघवत नसे, पण ते काही बोलायचे नाहीत.

एका बुधवारी मी डबे बदलले. गावातल्या एकीने शहरातल्या आपल्या गरोदर लेकीला वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा असं सगळं दिलं होतं. ते गेलं तात्यांकडे. तात्यांचा डबा गेला तिच्याकडे. मला हे कळलं ते तिच्या आईच्या फोनवरून.

"सर, माजी लेक रडून राह्यली! म्हनती, आई, माज्यावर रागावली का? भाजीत मीठबी घातलं नाय!"

तिचं जाऊ द्या, तात्यांनी तो ठेचा खाल्ला असेल तर? मी हॉस्पिटलात जिना चढत पळालो. तात्या खाटेवर बसले होते. पुढ्यात उघडा डबा, झाकण बाजूला. एकही घास कमी झाला नव्हता.

त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं.

"मास्तर, नुस्ता वास घेतला. तेवढ्यानं काय व्हत नाय ना?"

*

आता शेवटचा. हा गाडीत कोणी हसत हसत सांगत नाही, आणि मी आजवर टाळत आलो होतो.

एका बुधवारी मशीनवर असताना तात्यांचं बीपी खाली गेलं. डॉक्टरांनी त्यांना दोन तास जास्त ठेवून घेतलं. आम्ही बाकीचे सगळे हॉस्पिटलच्या बाहेर उन्हात ताटकळलो. गंगूमावशीने बांगड्यांच्या डब्यावर डोकं ठेवून झोप काढली. शेवटी तात्या आले, गाडी निघाली आणि फुलंब्रीला चहाला थांबलो.

माझं डोकं दुखत होतं, घरी पाहुणे येऊन बसले होते, विमलचे तीन फोन येऊन गेले होते. ही सगळी कारणं मी आजही स्वतःला सांगतो. गाडीच्या मागे सलीमभाई टायर बघत होते, त्यांच्यापाशी जाऊन मी म्हणालो, "एका माणसासाठी आख्खी गाडी ताटकळते. असं किती दिवस चालायचं हो?"

सलीमभाई माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मागे बघत होते.

मागे तात्या उभे होते. हातात चहाचा ग्लास. त्यांना स्वतःला चहा चालत नाही. मी टपरीवर दिसलो नाही म्हणून माझाच ग्लास घेऊन, पाय ओढत, गाडीला वळसा घालून आले होते.

"मास्तर, घ्या. निवंल," एवढंच म्हणाले.

मी चहा घेतला. तात्यांना जरा कमीच ऐकू येतं, असं मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. त्यांना सगळं ऐकू येतं हे मला चांगलं माहीत होतं.

शुक्रवारी पहाटे हजेरी घेतली. नंबर एक. उत्तर नाही. त्यांच्या मुलाचा फोन आला, "तात्या आज येत नाय म्हनतात. बरं वाटतंय म्हनं." मी वहीत पहिल्यांदा त्यांच्यापुढे 'गै' लिहिलं. गाडी वेळेत सुटली. नऊची घाई नव्हती, त्यामुळे कधी नव्हे तो सकाळी सिल्लोडला चहा झाला. निम्म्याहून जास्त ग्लास तसेच राहिले. गंगूमावशीने विचारलं, "गुर्जी, तात्याला कोन काय बोललं का?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. त्या आठवड्यात बहिरेपणाची मला चांगलीच सवय लागली होती.

रविवारी तात्यांची सून बाजारात विमलला भेटली. पायावर सूज चढलीये, आडवं झालं की दम लागतो, उशाला भिंत लावून बसून असतात. हॉस्पिटलातून फोन आला, एक खेप चुकली तीच लई झाली, दुसरी चुकली तर काही सांगता येत नाही. आणि तात्यांचं एकच म्हणणं, "माज्यापायी गाडी तिष्ठत नको."

विमलने घरी येऊन मला हे सांगितलं. मग मीही तिला फुलंब्रीचं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं, पण ती एवढंच म्हणाली, "उद्या गाडीत मीही येते." ते जास्त वाईट होतं.

सोमवारी पहाटे चौकात सगळे जमले तेव्हा मी गाडीच्या दारात उभा राहिलो आणि जे बोललो होतो ते शब्दाला शब्द सांगितलं. लाज वाटत होती, पण सांगितलं. मग म्हणालो, "मी मोटारसायकलवर जाऊन त्यांना घेऊन येतो. तुम्ही थांबा."

सलीमभाईंनी स्टार्टर मारला. "बैठो सर." आणि फर्दापूरच्या रस्त्याला न लागता गाडी वस्तीच्या पाणंदीत घातली. ज्या पाणंदीत ते एरवी सायकलसुद्धा घालणार नाहीत! गाडीचं पोट दगडांना घासत होतं, गुडघे हनुवटीवर आपटत होते. उतरून थांबतो असं एकही जण म्हणाला नाही. खिडकीसाठी कोणी भांडलं नाही.

वस्तीवर पोचलो तेव्हा उजाडायला लागलं होतं. पत्र्याचं घर, शेजारी मेंढरांचा वाडा. कुत्री धावून आली, मुलाने त्यांना हाकललं. सून दाराबाहेर उभी होती. "आतून कडी लावून बसलेत. कालपासून जेवन नाय. म्हनतात, आता मला बोलवू नका."

मुलाने हाका मारल्या. सलीमभाईंनी दार ठोठावलं, "तात्या, चलो ना, कायकू ऐसा करते?" आतून काही नाही.

मग मी पुढे झालो. माफी मागायची होती, साधं दोन शब्दांचं काम. पण उभा राहिलो तो पंधरा ऑगस्टला राहतो तसा. "तात्या, या प्रसंगी मला आपल्यापुढे तीन मुद्दे मांडायचे आहेत..." दुसऱ्या मुद्द्याला अडखळलो, तिसरा काय होता तेच आठवेना. वाड्यातलं एक मेंढरू ओरडलं. आतून तेवढंही नाही. मला खरोखर भीती वाटली. हा माणूस माझ्या एका वाक्यामुळे आत बसून मरेल आणि मी बाहेर मुद्दे मांडत राहीन.

गंगूमावशी गाडीतून खाली उतरली. "गुर्जी, भाषन नका करू. हजेरी घ्या."

एकेक करून सगळे उतरले आणि अंगणात उभे राहिले. मी वही उघडली. पहिलं नाव तात्यांचं. उत्तर आलं नाही तर काय, या धास्तीने मी दोन नंबरापासून सुरुवात केली.

दोन, मीच, हजर. तीन, हजर. चार, पाच, सहा. सात म्हटल्यावर मावशीने पदर नीट केला आणि असं काही "हजर!" म्हटलं की कुत्री पुन्हा भुंकली. कॉलेजच्या पोरी हसल्या नाहीत. उलटी होणारे, न होणारे, सगळ्यांनी आपापली हजेरी दिली. वीस नंबराला मी या वेळी नाव घेतलं, आणि विमल माझ्या शेजारी उभी असूनही मोठ्याने म्हणाली, "हजर."

मी वही मिटली. दाराकडे बघायचं धाडस नव्हतं.

"सगळे हजर," मी म्हणालो. "चला सलीमभाई, गाडी काढा."

सलीमभाई जागचे हलले नाहीत. कोणीच हललं नाही. दारामागे काठी फरशीवर टेकल्याचा आवाज आला, मग धाप लागलेला श्वास, आणि मग तात्यांचा आवाज.

"मास्तर, पुन्यांदा मोजा. येक कमी हाय."